व्हाया लालपरी

खाद्याच्या डब्यात एक पांढरी कपची पडली होती. नखाच्या टोकाएवढी, एका बाजूनं किंचित वळलेली, कडा गुळगुळीत. मका आणि सोयाबीनच्या पेंडीच्या पिवळसर भरड्यात ती उठून दिसत होती. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात पांढरे कण असतातच. कवच घट्ट व्हावं म्हणून आम्ही शिंपल्यांची भरड घालतो. पण शिंपल्याचा तुकडा खडबडीत असतो आणि फुटला की त्याला धार येते. या कपचीला धार नव्हती.

मी ती चिमट्यानं उचलून प्रयोगशाळेत नेली, काचेच्या बशीत ठेवली आणि तिच्यावर पातळ ॲसिडचा एक थेंब सोडला. शिंपला असता तर फसफसला असता. कपची तशीच पडून राहिली. थोड्या वेळानं ती मऊ पडली आणि चिमट्यानं दाबल्यावर कागदासारखी दुमडली.

तो पापुद्रा होता. औषधाच्या गोळीवर असतो तसा.

त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी मराठवाड्यातल्या एका पशुवैद्यकीय महाविद्यालयात पीएच.डी. करत होते. माझ्या मार्गदर्शक डॉ. इंदुमती सोळुंके. प्रयोग तसा सरळ होता. पांढऱ्या लेगहॉर्न कोंबड्यांच्या दोन ओळी, एका पिंजऱ्यात एक कोंबडी, प्रत्येकीपुढे तिचा तिचा डबा. एका ओळीला साधं खाद्य, दुसऱ्या ओळीला त्याच खाद्यात वाळवलेल्या लसणाची पूड. लसणामुळे कोंबडीच्या यकृतात कोलेस्टेरॉल कमी तयार होतं का, आणि मग बलकात ते कमी उतरतं का, एवढंच पाहायचं होतं.

मॅडमनी हा विषय का घेतला ते सगळ्या विभागाला माहीत होतं. त्यांचे यजमान, आप्पा, हृदयाचे रुग्ण होते. सोलापूरच्या डॉक्टरांनी अँजिओग्राफी करून बायपास सांगितली होती आणि तोवर अंड्याचा बलक बंद केला होता. आप्पांना आयुष्यात दोनच गोष्टींचा नाद होता, एसटी आणि अंडी. एसटीतून ते वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले होते. अंडी सुटत नव्हती. ऑपरेशनचं नाव निघालं की म्हणायचे, "आधी मॅडमचं अंडं होऊ द्या. ते खाऊन बघतो. त्यानंही नाही भागलं तर मग देतो डॉक्टरला छाती."

बायकोला ते आमच्यासमोर मॅडमच म्हणत. मॅडम यावर हसायच्या. रागावलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही. तेव्हा मला त्यात काही खटकलंही नव्हतं.

रोज सकाळी फिरायला म्हणून आप्पा शेडवर येत. कोंबड्यांना खाद्य घालणारे गौसभाई त्यांना स्टूल द्यायचे. आप्पा त्यावर बसून, नाकातून काढलेल्या त्या फलाटावरच्या आवाजात, पुकारा करायचे. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. लसूण आगाराची लालपरी आपल्या नियोजित जागेवर उभी आहे." लालपरी म्हणजे लसणाच्या ओळीतली एक कोंबडी. अंगानं बाकीच्यांसारखीच पांढरी, पण तुरा इतका मोठा की एका डोळ्यावर पडायचा. मला ते शास्त्रज्ञबाई म्हणत. मी हातात अंड्यांचा ट्रे घेऊन निघाले की म्हणत, "निघाली आमच्या शास्त्रज्ञबाईंची पार्सल सेवा."

पहिल्या तपासणीत दोन्ही ओळींमध्ये काहीच फरक दिसला नव्हता. मी आकडे मॅडमच्या घरी नेऊन दिले होते. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि मला चहा घेऊन जा म्हणाल्या. स्वतः घेतला नाही.

दुसऱ्या तपासणीत मात्र लसणाच्या ओळीची सरासरी खाली आली. मी एकेका कोंबडीचे आकडे वेगळे काढले, तेव्हा दिसलं की सरासरी एकटी लालपरी ओढत होती. तिच्या बलकातलं कोलेस्टेरॉल इतकं उतरलं होतं की मला माझ्याच हाताचा संशय आला. मी नवी रसायनं काढून पुन्हा तपासलं. आकडा तोच आला.

"एखादीचं शरीर जास्त प्रतिसाद देतं," मॅडम म्हणाल्या. "एकीत झालं ना? मग बाकीच्यांत का नाही होणार? मात्रा वाढवू." त्यांचा आवाज मी इतका हलका कधी ऐकला नव्हता. त्या आठवड्यात सोलापूरच्या दवाखान्यातून फोन आला, आणि मॅडमनी माझ्यासमोर त्यांना सांगितलं की सध्या कामं आहेत, नंतर कळवते.

मग लालपरीनं अंडी देणं थांबवलं.

कोंबडी बलकात कोलेस्टेरॉल घालते ते पिल्लासाठी. पिल्लाच्या अंगातली प्रत्येक पेशी त्यातून बांधली जाते. ते एका मर्यादेखाली जायला लागलं तर कोंबडी निकस अंडं घालत बसत नाही. ती अंडंच बंद करते. हे मी वाचलं होतं. पण तिथवर कोंबडीला नेतात ती औषधं, माणसांना कोलेस्टेरॉलसाठी देतात त्या जातीची. लसणानं इतकं झाल्याचं माझ्या वाचनात नव्हतं.

म्हणून मी त्या सकाळी लालपरीच्या डब्यात वाकून पाहत होते.

पापुद्रा बशीत ठेवून मी पुन्हा शेडकडे गेले. माझ्या डोक्यात पहिलं नाव गौसभाईंचं आलं, कारण डबे तेच भरायचे. मी त्यांना विचारलं, लालपरीच्या डब्यात काही औषध घातलं का, जंताचं वगैरे.

"मी कशाला घालू बाई?" ते म्हणाले. "त्या डब्याला मी भरण्यापुरताच हात लावतो. पुढचं आप्पा बघतात. चमच्यानं हलवून हलवून देतात. लई जीव आहे त्यांचा तिच्यावर."

मग जरा घुटमळले आणि हसून म्हणाले, "अंडं बी तिचंच लागतं त्यांना."

"कुठलं अंडं?"

"तुम्ही तपासायला नेत नाही त्या दिवशीचं. केटलीत उकडून देतो मी. मॅडमना नका सांगू, बिचारे खाऊन खाऊन एक खातात."

  बलक बंद असलेला माणूस माझ्या प्रयोगातल्या कोंबडीचं अंडं खात होता, आणि ते सगळ्या शेडला ठाऊक होतं. तेवढाच धक्का मला पुरे वाटला होता. पण गौसभाई पाण्याच्या टाकीकडे गेले आणि मी साध्या खाद्याच्या ओळीमागे तशीच उभी असताना आप्पा आत आले.

पिंजऱ्यांच्या तारांमधून मला ते दिसत होते. त्या दिवशी पुकारा नव्हता. त्यांनी खिशातून रुमाल काढला, स्टुलावर पसरला, त्यातून दोन गोळ्या घेतल्या, चमच्याच्या पाठीनं चुरल्या आणि तो चुरा लालपरीच्या डब्यात घालून सावकाश हलवला. घरात कुणी आजारी माणसाच्या दुधात औषध हलवतं तसा.

"खा गं बाई," ते तिला म्हणाले. "आज डबल दिलंय. एवढं खा आणि लाग पुन्हा कामाला."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. आवाज झाला तसे ते वळले. दचकले नाहीत. बिनतिकिटाचा प्रवासी तपासनिसाकडे पाहतो तसे माझ्याकडे पाहत राहिले.

"आप्पा, या कसल्या गोळ्या आहेत?"

"औषध आहे."

"कुणाचं?"

"माझं."

मी पुढे होऊन तिचा डबा काढून घेतला. त्यांनी अडवलं नाही. स्टुलावर बसले आणि रुमालाची घडी घालायला लागले. मग मी काही न विचारताच ते सांगायला लागले. मी पहिल्या तपासणीचे आकडे घरी नेले त्या दिवशी मॅडम जेवल्या नव्हत्या. रात्री आप्पांची कोलेस्टेरॉलची गोळी हातावर ठेवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आप्पांनी ती गोळी गालात धरली, वरून पाणी प्यायले, आणि मॅडमची पाठ वळल्यावर रुमालात काढून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लालपरीला दिली. तेव्हापासून रोज. ओलावून पुन्हा वाळलेल्या गोळीचा पापुद्रा चुरताना सुटा होतो, म्हणून मला ती कपची सापडली होती.

"बाकीच्या गोळ्या खातो मी," ते घाईनं म्हणाले. "रक्त पातळ व्हायची खातो, बीपीची खातो. ही एकच तिला देतो."

"पण का?"

"का म्हणजे? माझं कोलेस्टेरॉल त्या गोळीनं उतरतं, तर तिचं नाही उतरणार? तुमचा आकडा खाली येणार, मॅडमचं अंडं पास होणार. आणि माझंही नुकसान नाही. गोळी खाल्लेल्या कोंबडीचं अंडं मी खातो. म्हणजे गोळी माझ्या पोटात गेलीच की. थेट नाही गेली, व्हाया गेली." ते थोडं हसले. "लातूरला थेट जा नाहीतर व्हाया औसा जा, पोचतो ना माणूस?"

मला हसू आलं नाही. खरं तर कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. मी एवढंच जाणलं की त्यांनी हा विचार नीट, पायरीपायरीनं केला होता, आणि त्यातली एकच पायरी चुकली होती.

"आप्पा," मी म्हणाले, "गोळी तिच्या यकृतात काम करते आणि तिथंच तिचं काम संपतं. अंड्यातून ती तुमच्यापर्यंत येत नाही."

"थोडीसुद्धा?"

"उपयोग होईल इतकी नाही."

त्यांनी रुमाल गुडघ्यावर ठेवला. "म्हणजे गाडी औशालाच मुक्कामी?"

"हो."

त्यांचा हात छातीच्या डाव्या बाजूला गेला. दुखत होतं म्हणून नव्हे. खिसा चाचपावा तसा गेला. बायपास सांगितलेला माणूस त्या दुसऱ्या तपासणीच्याही आधीपासून त्या औषधावाचून होता आणि वर बलक खात होता. हे त्यांना आत्ता, माझ्यासमोर, स्टुलावर बसल्या बसल्या कळत होतं.

"इंदूला सांगू नका," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. "तिच्या रिटायरमेंटला थोडेच महिने राहिलेत. मी आजपासून घेतो गोळी. देवाशप्पथ घेतो."

"त्यांनी सोलापूरला थांबा म्हणून सांगितलंय, आप्पा. या आकड्याच्या भरवशावर."

त्यांनी गुडघ्यावरचा रुमाल उचलला.

"मी आत चाललेय," मी म्हणाले. "तुम्ही येता का?"

ते उठले. रुमाल खिशात घातला, पुन्हा काढला आणि हातातच धरून माझ्यामागून चालू लागले.

मॅडम प्रयोगशाळेत काट्यावर लसणाची पूड मोजत होत्या. वाढवलेल्या मात्रेची. मी दार लावून घेतलं, डबा आणि काचेची बशी त्यांच्यापुढे ठेवली आणि सांगितलं. मला वाटतं चार-पाच वाक्यांत सांगितलं असेल. सांगताना मी त्यांच्या हाताकडे पाहत होते. चमचा पुडीच्या वर थांबला होता आणि तो हलत नव्हता.

त्यांनी आप्पांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळल्या.

"मात्रा?"

"रोज एक गोळी. चाळीस मिलिग्रॅम. आज दोन."

"किती कोंबड्यांना?"

"एकट्या लालपरीला."

"तिला वगळून सरासरी काढलीस?"

काढली होती. लालपरीनं अंडी थांबवली त्याच दिवशी, मनाला बरं वाटावं म्हणून नव्हे तर सवय म्हणून. आणि तो कागद मी पुढच्या तपासणीपर्यंत बाजूला ठेवला होता. "दोन्ही ओळी सारख्या येतात, मॅडम," मी म्हणाले.

त्यांनी चमचा खाली ठेवला. काट्याचं काचेचं दार सरकवून बंद केलं. मग आप्पांकडे वळल्या.

"मी रोज पाणी देते तुम्हाला."

"देतेस."

"माझ्यासमोर गिळता."

"गालात धरतो. तू वळलीस की काढतो."

मॅडमच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या ओळखीच्या खोलीत शिरावं आणि तिथं भिंतच नसावी, तशा त्या पाहत होत्या. हातानं मागं चाचपत त्यांनी खुर्ची शोधली आणि बसल्या. मग म्हणाल्या, "हात द्या."

"काय?"

"हात द्या, अहो. बाही वर करा."

त्यांनी उभ्या आयुष्यात कोंबड्यांच्या पंखाखालून रक्त काढलं होतं, गाईंच्या मानेतून काढलं होतं. माणसाचं कधी काढलं नसावं. मी नवी सुई दिली, दंडाला रबरी नळी बांधली. आप्पा म्हणाले, "पंखाखालून नको बरं का." त्यावर कुणीच हसलं नाही, तेही नाहीत.  सुई पहिल्याच झटक्यात शिरेत गेली.

त्या दिवशी तपासायला काढलेले कोंबड्यांच्या रक्ताचे नमुने तयारच होते. त्यांच्या रांगेत मी आप्पांची नळी लावली आणि रक्त निवळायला यंत्र सुरू केलं. ते फिरत असताना आम्ही तिघं तीन स्टुलांवर बसलो होतो आणि यंत्राच्या घरघरीमुळे कुणाला बोलावं लागत नव्हतं.

बोलले ते आप्पा. यंत्राकडे पाहत, आम्हा दोघींकडे न पाहता. "छातीचं हाड करवतीनं कापतात म्हणे. अँजिओग्राफीच्या वेळी वॉर्डात शेजारचा सांगत होता. मी अंड्याचं निमित्त धरून बसलो, इंदू. अंडं होईल असं मला कुठं कळतंय? पण तू करत होतीस तोवर जायचं नव्हतं."

मॅडम म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठी थांबलात."

"तेही होतंच."

"मीही सोलापूरला नंतर कळवते म्हणाले. मला ते कळवायचंच नव्हतं," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक होता की मी तो ऐकणं बरं नव्हतं. मी उठून नळ्यांवर नावं घालत बसले, जी मी आधीच घातली होती.

यंत्र थांबलं. वरचं निवळ मी थेंबाथेंबानं नव्या नळ्यांमध्ये घेतलं, प्रत्येकीत रसायन घातलं आणि त्या कोमट पाण्यात ठेवल्या. या तपासणीत जितकं कोलेस्टेरॉल, तितका गडद गुलाबी रंग येतो. आकडा यंत्र सांगतं, पण रंग आधी दिसतो. साध्या ओळीतल्या कोंबड्यांच्या नळ्या हळूहळू गुलाबी झाल्या. लसणाच्या ओळीतल्या तशाच झाल्या, त्याच गुलाबी. लालपरीची नळी पाण्यासारखी राहिली, नुसती झाक आली.

आप्पांची नळी गडद होत गेली. थांबेल थांबेल म्हणता थांबेना. शेवटी तिच्यातून पलीकडचं काही दिसेना.

मॅडमनी ती उचलली, पुसली आणि लालपरीच्या नळीशेजारी ठेवली. आप्पा खिशातला चष्मा काढून, डोळ्यावर चढवून पुढे वाकले. दोन्ही नळ्यांकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. कुठली कुणाची ते मला सांगावं लागलं नाही.

"आकडा काढू का?" मी विचारलं.

"नको," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी काट्याचं दार उघडलं, मोजलेली लसणाची पूड परत बाटलीत ओतली आणि झाकण घट्ट लावलं. आप्पा त्यांच्या हातांकडे पाहत होते. झाकण लागल्यावरही मॅडमनी बाटली सोडली नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "लसणाचं अंडं होत नाही."

आप्पांनी बाही खाली केली. मनगटाचं बटण लागेना, तसा हात मॅडमपुढे धरला. त्यांनी ते लावलं. मग ते बोलले, फलाटावरच्या त्या आवाजात नव्हे. तो दुसरा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"सोलापूरला फोन लाव, इंदू. तारीख घे. मी ऑपरेशन करून घेतो."